सर्व्हरवर नजर ठेवणारे प्लग-इन : पारख आणि बसवणी

सर्व्हर-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे एखाद्या संस्थेचे अनेक सर्व्हर एका ठिकाणाहून पाहण्याची, त्यांतील बिघाड वेळीच ओळखण्याची आणि नित्याची कामे आपोआप उरकण्याची सोय. अशी कोणतीही प्रणाली जगातला प्रत्येक डेटाबेस, प्रत्येक मेल सर्व्हर किंवा प्रत्येक यूपीएस मुळातच ओळखत नाही. ही उणीव प्लग-इन भरून काढतात. मूळ प्रणालीला हात न लावता तिला नवे काम शिकवणारी छोटी, स्वतंत्र आज्ञावली म्हणजे प्लग-इन.

आकाराने लहान असल्यामुळे प्लग-इनकडे दुर्लक्ष होते. पण संपूर्ण संस्थेचा निर्धास्तपणा त्याच्या एका उत्तरावर उभा असतो. समजा, एखाद्या पतसंस्थेत रोज रात्री ठेवीदारांच्या खात्यांचा बॅकअप घेतला जातो आणि तो झाला की नाही हे पाहण्यासाठी प्लग-इन बसवलेले आहे. बॅकअपची फाईल जागेवर आहे की नाही, एवढेच ते पाहते. एके रात्री डिस्क भरते आणि बॅकअप थांबतो. जुनी फाईल मात्र जागेवरच असते. प्लग-इन रोज सकाळी ‘ठीक’ असे कळवत राहते. तीन महिन्यांनी मूळ सर्व्हर निकामी होतो, तेव्हा हाती येतो तो तीन महिन्यांपूर्वीचा हिशेब. प्लग-इन नसते तर कोणीतरी अधूनमधून स्वतः डोकावले असते. ते होते, म्हणून कोणीच डोकावले नाही.

प्लग-इनची पारख करताना म्हणूनच एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो : ज्या वेळी त्याला काहीच कळत नसते, त्या वेळी ते काय सांगते? या लेखात हा प्रश्न मुख्यतः नागिओस या प्रणालीच्या आधारे पाहिला आहे, कारण तिची प्लग-इनविषयक रीत पुढे इतर अनेक प्रणालींनीही स्वीकारली.

नागिओसची रीत

ईथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने ही प्रणाली प्रसिद्ध केली. २००२ मध्ये तिचे नाव नागिओस झाले. तिच्या रचनेचे वैशिष्ट्य असे की, नागिओसचा गाभा स्वतः कोणतीही तपासणी करत नाही. कोणती तपासणी केव्हा करायची, किती वेळा करायची आणि बिघाड आढळल्यास कोणाला कळवायचे, एवढेच तो जाणतो. प्रत्यक्ष तपासणी बाहेरची आज्ञावली करते. ती शेलमध्ये लिहिलेली असो, पर्लमध्ये असो, पायथनमध्ये असो की सी भाषेत, गाभ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. २००९ मध्ये नागिओसमधून फुटून निघालेली आयसिंगा ही प्रणालीही हीच रीत पाळते. त्यामुळे एकदा नीट लिहिलेले प्लग-इन एकाहून अधिक प्रणालींत वापरता येते.

प्लग-इनने दोनच गोष्टी परत करायच्या असतात. पहिली म्हणजे माणसाला वाचता येईल अशी एक ओळ. दुसरी म्हणजे आज्ञावली संपताना मागे ठेवलेला अंक, ज्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. ओळीत उभ्या रेघेनंतर मोजमापे लिहिली, तर त्यांवरून आलेख काढता येतात. प्रणाली निर्णय घेते तो मात्र फक्त अंकावरून. ओळीत ‘डिस्क भरली’ असे लिहिले आणि अंक ० दिला, तर पडद्यावर हिरवा रंगच दिसतो आणि कोणालाही निरोप जात नाही.

चौथे उत्तर

या चार उत्तरांपैकी चौथ्याची सर्वाधिक उपेक्षा होते. ‘अज्ञात’ म्हणजे प्लग-इनने दिलेली प्रामाणिक कबुली : तपासणी करता आली नाही, म्हणून चांगले किंवा वाईट काहीच सांगता येत नाही. पासवर्ड चुकला, फाईल वाचण्याची परवानगी नव्हती, आज्ञेत चुकीचा पर्याय दिला गेला, उत्तर अपेक्षित स्वरूपात आले नाही, या सर्व प्रसंगी अज्ञात हेच योग्य उत्तर होय.

अडचण अशी की, संगणकाचा स्वाभाविक कल ० कडे असतो. शेलमधील आज्ञावलीत अनेक आज्ञा नळांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पहिली माहिती आणते, दुसरी निवडते, तिसरी त्यातला आकडा काढते. अशा साखळीचा एक्झिट कोड सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा असतो. पहिली आज्ञा अपयशी ठरली तरी शेवटची आज्ञा रिकाम्या मजकुरावर आपले काम बिनतक्रार पूर्ण करते. आकड्याच्या जागी काहीच येत नाही, ‘आकडा ९० पेक्षा जास्त आहे का’ ही तुलना फसते, आज्ञावली पुढे सरकते आणि अखेरच्या ओळीवरील ‘ठीक’ या उत्तरापाशी पोहोचते. कोणतीही तक्रार नोंदवली जात नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्लग-इनच्या सुरुवातीलाच उत्तर ‘अज्ञात’ असे धरावे आणि मोजलेला आकडा खरोखर हाती आला, तो आकडाच आहे याची खात्री झाली, तरच ते बदलावे. ‘ठीक’ हे उत्तर पुराव्याने मिळवायचे असते. बाकी काही सुचले नाही म्हणून द्यायचे नसते.

मर्यादांची भाषा

इशारा कोणत्या आकड्यावर द्यायचा आणि गंभीर कोणत्या आकड्यावर म्हणायचे, हे प्लग-इनला बाहेरून सांगितले जाते. त्यासाठी ठरलेली लेखनपद्धत आहे आणि तिच्यातले बारकावे अनुभवी माणसालाही चकवतात. नुसते १० लिहिले, तर ० ते १० ही सुरक्षित कक्षा ठरते. ठीक १० वर इशारा मिळत नाही, १० च्या वर मिळतो आणि उणे आकड्यावरही मिळतो. १० नंतर अपूर्णविराम दिला, तर १० पेक्षा कमी आकड्यावर इशारा मिळतो. १० व २० यांच्या मध्ये अपूर्णविराम असेल, तर त्या कक्षेबाहेर गेल्यावर इशारा मिळतो. त्याच लेखनाच्या आधी ‘ॲट’चे चिन्ह असेल, तर अर्थ उलटतो आणि कक्षेच्या आत, दोन्ही टोकांसह, इशारा मिळतो.

याहून नेहमीची फसगत ‘भरलेले’ आणि ‘मोकळे’ यांत होते. डिस्क तपासणाऱ्या प्रचलित प्लग-इनला २० टक्के ही मर्यादा दिली, तर २० टक्क्यांपेक्षा कमी जागा मोकळी उरल्यावर ते इशारा देते. भरलेल्या जागेचा विचार करून कोणी तिथे ८० टक्के लिहिले, तर डिस्क २० टक्क्यांहून थोडी जास्त भरताच इशारे सुरू होतात. दोन दिवसांत लोक त्यांकडे पाहणे सोडून देतात आणि खरा इशारा त्याच गर्दीत हरवतो.

पारख : बिघाड घडवून पाहणे

नवे प्लग-इन एकदा चालवून हिरवे उत्तर आले की काम झाले, असे समजण्याची रीत सर्वत्र आढळते. त्या एका वेळी चारपैकी एकच उत्तर पाहिलेले असते. पारख पूर्ण व्हायची, तर चारही उत्तरे मुद्दाम घडवून आणली पाहिजेत.

इशारा आणि गंभीर ही उत्तरे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे मर्यादा तात्पुरती बदलणे. त्यातून प्लग-इनची तुलना योग्य आहे एवढे कळते. प्लग-इन योग्य गोष्ट मोजते आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर एक लहान विभाग खरोखर भरून पाहावा, सेवा खरोखर बंद करून पाहावी आणि बॅकअपची फाईल जुन्या तारखेची व शून्य आकाराची करून पाहावी. पतसंस्थेच्या उदाहरणातील दोष या शेवटच्या चाचणीत दहा मिनिटांत उघड झाला असता.

अज्ञात हे उत्तर घडवण्यासाठी पासवर्ड चुकीचा द्यावा, फाईलची परवानगी काढून घ्यावी, नाव नसलेल्या सर्व्हरचा पत्ता द्यावा. जाळ्यातील अडथळा दोन प्रकारे तपासावा. फायरवॉलने जोडणी स्पष्टपणे नाकारली, तर प्लग-इनला लगेच उत्तर मिळते. तिने ती मुकाट्याने गिळली, तर प्लग-इन वाट पाहत राहते. दुसऱ्या प्रसंगी प्लग-इनने स्वतःच्या ठरलेल्या वेळेत थांबले पाहिजे. नेहमीच्या प्लग-इनमध्ये ही मुदत १० सेकंदांची असते. ती नसेल, तर नागिओस आपल्या मुदतीनंतर त्याला जबरीने बंद करतो. ही मुदत मूळ मांडणीत ६० सेकंदांची असते.

वेळेचा हा प्रश्न किरकोळ नाही. २०० सर्व्हर, प्रत्येकावर १० तपासण्या आणि दर पाच मिनिटांनी एक फेरी, असा हिशेब धरला तर ३०० सेकंदांत २००० तपासण्या होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे सात. प्रत्येक तपासणी एका सेकंदात उरकली, तर एका वेळी सातच आज्ञावली चालू असतात. प्रत्येकीला ३० सेकंद लागू लागले, तर एका वेळी २०० चालू राहतात. नेमके जाळे कोलमडते तेव्हाच सर्व तपासण्या रेंगाळतात आणि नजर ठेवणारा सर्व्हर स्वतःच गुदमरतो.

प्रशासकाच्या हातून चालते, सेवेच्या हातून नाही

बसवणीच्या वेळची सर्वांत परिचित तक्रार अशी : हाताने चालवले तर प्लग-इन उत्तम चालते, प्रणालीतून चालवले तर नाही. कारण उघड आहे. हाताने चालवणारा माणूस बहुधा रूट म्हणजे सर्वाधिकार असलेला प्रशासक असतो. प्रणाली मात्र स्वतःच्या मर्यादित अधिकाराच्या खात्यातून तेच प्लग-इन चालवते. त्या खात्याला काही फाईली वाचता येत नाहीत, काही आज्ञांचे मार्ग ठाऊक नसतात आणि त्याची भाषाविषयक मांडणीही वेगळी असू शकते.

यात एक छुपा सापळा आहे. काही प्लग-इन मागील वेळचा आकडा तात्पुरत्या फाईलमध्ये जपून ठेवतात. पहिली चाचणी रूटने केली, तर ती फाईल रूटच्या मालकीची होते; नंतर प्रणालीच्या खात्याला तीत लिहिता येत नाही आणि चाचणीत निर्दोष ठरलेले प्लग-इन बसवल्याबरोबर अडखळते. म्हणून पहिल्या दिवसापासून चाचणी प्रणालीच्याच खात्यातून करावी.

नागिओसच्या पडद्यावर १२७ हा कोड दिसला, तर प्लग-इन किंवा त्यातील एखादी आज्ञा त्या जागी सापडली नाही असे समजावे. १२६ दिसला, तर फाईल आहे पण ती चालवण्याची परवानगी नाही. विंडोजवर लिहून लिनक्सवर नेलेल्या आज्ञावलीत ओळींच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहते आणि त्यामुळेही प्लग-इन सुरू होत नाही. डोळ्यांना मजकूर मात्र अगदी बरोबर दिसतो.

अधिकार किती द्यावेत

परवानगीच्या अशा अडचणीला कंटाळून प्लग-इनला सरसकट सर्वाधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. एखाद्या तपासणीला खरोखर वरचा अधिकार लागत असेल, तर सुडोच्या साहाय्याने तेवढ्या एका आज्ञेपुरता तो द्यावा. प्लग-इनची फाईल रूटच्या मालकीची असावी. प्रणालीच्या खात्याला ती चालवता यावी, बदलता येऊ नये. नाहीतर ते खाते ताब्यात आलेला घुसखोर प्लग-इनच बदलतो आणि सुडोतून मिळालेला अधिकार आपसूक त्याच्या हाती जातो. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नये, कारण चालू आज्ञांच्या यादीत तो त्या सर्व्हरवरील इतरांना दिसू शकतो.

दूरच्या सर्व्हरवर प्लग-इन चालवण्यासाठी नागिओसच्या जोडीला एनआरपीई हा सेवक वापरतात. तो सामान्यतः ५६६६ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. बाहेरून आलेले पर्याय आज्ञेला जोडायचे की नाही, हे ठरवणाऱ्या त्याच्या मांडणीचे नावच ‘डोन्ट ब्लेम एनआरपीई’, म्हणजे मग आम्हाला दोष देऊ नका, असे आहे. मुळात ही सोय बंद असते. ती बंदच ठेवून मर्यादा दूरच्या सर्व्हरवरच लिहून ठेवणे श्रेयस्कर.

अधिकाराचा प्रश्न किती दूर जाऊ शकतो, हे २०२० मध्ये दिसले. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या ओरायन या व्यवस्थापन प्रणालीतील एका घटकात हल्लेखोरांनी, तो कंपनीतच तयार होत असताना, घातक संहिता मिसळली. फायरआय या सुरक्षा कंपनीने १३ डिसेंबर २०२० रोजी प्रकरण उघड केले, तेव्हा तिने या घटकाचे वर्णन ओरायनचे प्लग-इन असेच केले. त्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती. ती अद्ययावत आवृत्ती घेणाऱ्या ग्राहकांची संख्या १८,००० पेक्षा कमी असावी, असा अंदाज कंपनीने दिला. बसवल्यानंतर ही संहिता सुमारे दोन आठवड्यांपर्यंत निपचित पडून राहत असे. म्हणजे दोन-चार दिवसांच्या चाचणीत ती सापडण्याची शक्यताच नव्हती.

कुंपणच शेत खाऊ लागले, तर काय करायचे? स्वाक्षरी तपासावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. ज्या सर्व्हरवरून इतर सर्वांवर नजर ठेवली जाते, त्याला इंटरनेटवर मनमोकळे बाहेर पडण्याची गरज क्वचितच असते. त्याच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्या ठरावीक पत्त्यांपुरत्या मर्यादित केल्या, तर आत शिरलेल्या संहितेला आपल्या धन्याशी बोलणे अवघड होते.

टप्प्याटप्प्याने बसवणी

चाचणी कितीही कसून केली, तरी काही दोष प्रत्यक्ष वापरातच प्रकट होतात. म्हणून प्लग-इन एकाच वेळी सगळीकडे बसवू नये. आधी चाचणीचा सर्व्हर, मग कमी महत्त्वाचे दोन-तीन सर्व्हर, मग एक विभाग आणि शेवटी सर्व, असा क्रम असावा. प्रत्येक टप्प्यानंतर किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. रात्रीचा बॅकअप आणि सकाळची गर्दी या दोन्ही वेळा त्यात आल्या पाहिजेत.

हा क्रम न पाळण्याची किंमत १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने मोजली. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीसाठी एक माहिती-फाईल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. या ७८ मिनिटांच्या चुकीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाईल रूढ अर्थाने प्लग-इन नव्हती. पण मूळ प्रणाली न बदलता तिच्यात बाहेरून भर घालण्याचाच तो प्रकार होता.

त्यामागचे कारण चाचणीच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. नव्या नमुन्यात २१ रकाने अपेक्षित होते. प्रत्यक्ष संहिता २० च पुरवत होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह होते, त्यामुळे तो रकाना कधी वाचलाच गेला नाही आणि तफावत झाकलेली राहिली. त्या दिवशीच्या फाईलमध्ये प्रथमच तो खरोखर तपासला गेला. सर्वांना सामावून घेणारी सैल चाचणी ही न केलेल्या चाचणीसारखीच असते. या घटनेनंतर कंपनीने अशा फाईलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले.

परत फिरण्याची वाट

नागिओसची प्लग-इन स्वतंत्र आज्ञावली म्हणून चालतात. एक कोसळले तरी गाभा शाबूत राहतो. सगळ्या प्रणाली अशा नसतात. संहिता तयार करून ती सर्व्हरपर्यंत पोहोचवणाऱ्या जेनकिन्समध्ये प्लग-इन मुख्य जावा प्रक्रियेच्या आतच चालते, त्यामुळे सदोष प्लग-इन संपूर्ण प्रणालीला खाली ओढू शकते. जेनकिन्स जुनी आवृत्ती बाजूला जपून ठेवते आणि तिच्याकडे परतण्याची सोय देते. मात्र नव्या आवृत्तीने साठवलेली मांडणी जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. म्हणून प्लग-इनसोबत मांडणीचीही प्रत आधी काढून ठेवावी लागते.

प्रणाली कोणतीही असो, जुनी आवृत्ती कुठे आहे, ती परत कशी बसवायची आणि त्याला किती वेळ लागतो, हे बसवणीपूर्वी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. नागिओस पुन्हा सुरू करण्याआधी त्याची मांडणी तपासण्याची सोय त्याच्यातच आहे. ती दर वेळी वापरावी. नवी आवृत्ती आली की तिने मोजमापांची नावे बदलली आहेत का, हेही पाहावे. नाव बदलले की जुना आलेख तुटतो आणि वर्षभराची तुलना हातची जाते.

शेवटची गोष्ट कागदावरची आहे. प्रत्येक प्लग-इनबाबत ते कोठून आणले, कोणती आवृत्ती आहे, ते कोणत्या खात्यातून चालते, चारही उत्तरे कोणत्या तारखेला घडवून पाहिली आणि अज्ञात आल्यास कोणी धावायचे, एवढ्या पाच गोष्टी नोंदवून ठेवाव्यात. वर्षातून एकदा त्या नोंदी समोर ठेवून बिघाड पुन्हा घडवून पाहावेत. मधल्या काळात सर्व्हर बदललेला असतो, पासवर्ड बदललेले असतात, बॅकअपची जागाही बदललेली असते. प्लग-इन मात्र जुन्याच जागेकडे पाहून ‘ठीक’ म्हणत असू शकते.